आधी मीटर लावा रे, मग पार्ट मागवा

"इटालियन वायरिंग आहे, असं होणारच." इटालियन बाईकची बॅटरी बसली की ऐकायला मिळणारं हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर बोललं ना तर मी खरंच भांडणार आहे, सांगून ठेवतो. डोक्यात जातं ते वाक्य. कारण ते बोललं की पुढे विचार करायचं काम संपतं आणि पार्ट बदलायचं काम सुरू होतं.

आमच्या ठाण्यातल्या ग्रुपमध्ये जुन्या डुकाट्या आहेत, एक मोटो गुत्झी आहे, सगळ्या इटालियन बाईक, आणि सगळे जीव लावून गाड्या ठेवतात, ते मान्यच आहे. चेन पुसतील, रविवारी सकाळी उपवनला गाडी उभी करून तासभर तिच्याकडेच बघत बसतील. पण बॅटरी उतरली रे उतरली की अख्ख्या ग्रुपला एकच औषध माहीत, रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीला जाणारं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा पार्ट, गेला, बदलून टाक. कोणी विचारत नाही की गाडी बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट होते, सुरू केल्यावर किती, पाच हजार आरपीएमला किती. अरे साधा मल्टीमीटर कितीला येतो? नवीन एक्झॉस्टला लाखभर रुपये घालताना हात थरथरत नाही आणि मीटर घ्यायचा म्हटलं की "ते आपलं काम नाही यार".

कोलशेतला आमचा एक मित्र आहे, त्याच्याकडे २०१३ची मॉन्स्टर ७९५. पावसाळ्यात भर ट्रॅफिकमध्ये माजिवड्याला बंद पडली. सगळ्यांनी सल्ला दिला, धक्का मारून सुरू कर. आता त्या गाडीला स्लिपर क्लच आहे, मागच्या चाकाने इंजिन फिरवायला गेलं की क्लच सैल पडतो, आणि त्यात फ्युएल इंजेक्शन, म्हणजे बॅटरी पार बसली असेल तर पेट्रोलचा पंपही फिरत नाही आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही जागा होत नाही, मग कितीही ढकला. तरी बिचाऱ्याला पावसात चिखलातून ढकलायला लावली. मग नवीन बॅटरी घेतली. ती आठवड्याभरात बसली. मग गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, "एरर कोड नाही सर" म्हणाला, त्या स्कॅनचं बिल लावलं आणि रेग्युलेटर बदलायला सांगितला. स्कॅनर काय ज्योतिषी आहे का, वायरीत कुठे व्होल्ट गळतायत ते सांगायला? रेग्युलेटर बाहेरून मागवला, वर कस्टम ड्युटी भरली, लावला, आणि बॅटरी परत बसली. तेव्हा आमच्यातला एक शहाणा म्हणतो, आता स्टेटर बघ. स्टेटर ही इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल, म्हणजे ऑइल काढा, डाव्या बाजूचं कव्हर खोला, नवीन गास्केट आणा, आणि हे सगळं कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही!

मी मीटर घेऊन त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेलो. स्टेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी सोडवल्या, गाडी सुरू केली, दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज बघितलं. तिन्ही जोड्यांना जवळपास सारखं, आरपीएम वाढवला की सारखंच वाढतंय. गाडी बंद करून प्रत्येक पिवळी वायर बॉडीला तपासली, कुठेही शॉर्ट नाही. म्हणजे स्टेटर ठणठणीत. मग परत जोडून पाच हजारला रेग्युलेटरच्या आउटपुटवर बघितलं तर १४.४, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर १२.७. बोला आता! मधले जवळपास पावणेदोन व्होल्ट कुठे गेले? रेग्युलेटरचा कनेक्टर हातात घेतला तर चटका बसला. उघडला तर हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या मूळ वायरिंगच्या बाजूचं टर्मिनल काळंठिक्कर, प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, आणि नवीन रेग्युलेटर त्याच जळक्या टर्मिनलमध्ये घुसवलेला, म्हणजे नव्याची पिनसुद्धा जळायला लागलेली.

हे शाळेतलं फिजिक्स आहे. २० अँपिअर करंट जात असेल आणि गंजलेल्या जोडात ०.०५ ओहम इतका नगण्य रेझिस्टन्स असेल, तरी एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि २० वॅटची उष्णता त्या इवल्याशा पिनमध्ये तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! मग पिन तापते, ढिली होते, रेझिस्टन्स अजून वाढतो, अजून तापते. यात इटली कुठून आली? तीन फेजचा स्टेटर आणि रेग्युलेटर आपल्याकडच्या कित्येक गाड्यांना असतो, आणि बारा वर्षं ठाण्याचा पाऊस नि खाडीची दमट हवा खाल्ल्यावर कुठल्याही देशाची पिन गंजेल. बरं, त्यात ह्याच्या गाडीला कोणीतरी ५५ वॅटचे दोन दिवे जोडून दिलेले, तेच नऊ अँपिअर खातात, आणि कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलवर, म्हणजे चार्जिंग आधीच तोकडं. तो जोड पण कसा, वायर सोलायची, पिळायची, वर काळी टेप! च्यायला, लाखोंच्या गाडीला रस्त्यावरच्या माळेसारखा जोड देताना लाज वाटत नाही?

लॅमिंग्टन रोडवरून चांगली टर्मिनल आणली, पकडीने दाबून नीट क्रिम्प केली, वर गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी घातली, बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरीचा जोड चकाचक घासला. बॅटरीवर १४.२. खर्च म्हणाल तर मिसळ-चहाच्या बिलाएवढा. आणि बाहेरून मागवलेला तो रेग्युलेटर? इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही म्हणे.

खारघरच्या एकाची गोष्ट तर ऐकून रक्त उकळतं. त्याचीही जुनी मॉन्स्टर, हाच प्रॉब्लेम, हेच सल्ले, बॅटरी झाली, रेग्युलेटर झाला, स्टेटर झाला, शेवटी बायको म्हणाली विका ती गाडी, आणि त्याने कवडीमोल भावात विकली. घेणाऱ्याने कनेक्टर कापून नवीन टाकला आणि तो दर रविवारी पाम बीच रोडवर तीच गाडी फिरवतो. आणि ज्या माणसाने ह्याला सगळ्यात आधी "इटालियन वायरिंग, सोडून दे" सांगितलं होतं, तो आजही नवीन पोरांना तेच सांगत बसलाय.