दोरावरून उतरता येणं वेगळं, पोरांना उतरवता येणं वेगळं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातल्या शाळा-कॉलेजांतून फोन सुरू होतात. "मॅडम, आमच्या एनसीसी कॅडेट्सना एक दिवस रॅपलिंग द्यायचंय. पन्हाळ्याला जमेल का? नाहीतर आमच्या बिल्डिंगवरूनच करूया की." रॅपलिंग म्हणजे दोराच्या आधारानं कडा किंवा भिंत उतरणं. असा फोन आला की मला मनापासून बरं वाटतं. कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यापासून तर मुलींच्या पालकांचेही फोन येतात. आठवी-नववीतली पोरगी कड्याच्या कडेला पाठ करून उभी राहते, पाय लटपटत असतात, आणि तरी मागे झुकते. हे ज्यानं जवळून बघितलंय तो रॅपलिंग बंद करा असं कधीच म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

मी फक्त उलट एक प्रश्न विचारते. उतरवणार कोण?

उत्तर ठरलेलं असतं. "आमच्यातले एक सर आहेत, त्यांनी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय." किंवा "एक माजी कॅडेट आहे, लई भारी उतरतो." हे "भारी उतरतो" मला पटत नाही. पोस्ट मोठी झाली आहे, पण सीझन सुरू व्हायच्या आत हे लिहायला हवं होतं.

आपण तालमींच्या गावातले लोक. मैदान मारणारा प्रत्येक मल्ल वस्ताद होत नाही हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिर्यारोहणातही ही रेघ फार आधी आखलेली आहे. दार्जिलिंगची एचएमआय ही गिर्यारोहण संस्था १९५४ ची, उत्तरकाशीची निम १९६५ ची. तिथं आधी बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स, आणि त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर पुढं मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा स्वतंत्र कोर्स. बेसिकमध्ये माणूस स्वतःला सांभाळायला शिकतो. दुसऱ्याचं पोर सांभाळायचं प्रशिक्षण त्यात नसतं, आणि ते असल्याचा दावा या संस्थाही करत नाहीत. एनसीसीच्या एएनओंचं, म्हणजे शाळा-कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांचं, प्रशिक्षण कामठीला आणि ग्वाल्हेरला होतं, ते चांगलंच असतं, पण तो कड्यावरचा प्रशिक्षक घडवायचा कोर्स नव्हे. पीआय स्टाफमधले, म्हणजे लष्कराकडून एनसीसीला शिकवायला आलेले, हवालदार साहेब दोरावर माझ्यापेक्षा कितीतरी सरस असतील. पण त्यांचा हात बसलाय तो तयार जवानांवर. समोर पस्तीस किलोची, सकाळपासून उपाशी, घाबरलेली मुलगी असते तेव्हा कामच बदलतं.

हे वजनाचं मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. अकरा मिलिमीटरचा स्टॅटिक रोप, म्हणजे फारसा न ताणणारा दोर, फिगर ऑफ एटमधून, म्हणजे आठच्या आकाराच्या डिसेंडरमधून (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या धातूच्या साधनातून) ओवला की सत्तर-ऐंशी किलोचा माणूस सर्रकन खाली येतो. तोच दोर, तोच डिसेंडर, पण पस्तीस किलोचं पोर अडकून बसतं. घर्षण जास्त, ओढायला वजन नाही. मग वरून ओरडा सुरू होतो, "सोड, दोर सोड!" ते बिचारं दोर वर उचलून ढकलायला लागतं, ब्रेकचा हात सुटतो, आणि तेवढ्यात उतार संपून खडा कडा सुरू झाला की सगळं वजन एकदम दोरावर येतं. हलक्या मुलांसाठी ओवण्याची पद्धत बदलायची, बारीक कंबरेच्या मुलाला फक्त सीट हार्नेसवर (कंबर-मांड्यांच्या पट्ट्यांवर) न सोडता फुल बॉडी हार्नेस किंवा सोबत चेस्ट हार्नेस द्यायचा, हे प्रशिक्षकाला शिकवावं लागतं. स्वतः शंभर वेळा उतरून ते कळत नाही, कारण त्याचं स्वतःचं वजन सत्तर असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. अडकलेलं पोर सोडवणं.

मुलींच्या वेण्या, गळ्यातली दोरी, सैल टी-शर्टचं टोक, हेल्मेटचा लोंबता पट्टा. यातलं काहीही डिसेंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. केस अडकले की मुलगी खाली येऊ शकत नाही, वर जाऊ शकत नाही, आणि जितकी घसरेल तितके केस आत जातात. शिवाय हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकून राहिलं की रक्त पायांत साठतं, चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. त्याला तास लागत नाहीत, काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणजे फायर ब्रिगेडला फोन करून वाट बघत बसायची ही गोष्ट नाही. जे करायचं ते कड्यावर उभ्या माणसानं, तिथल्या तिथं.

गगनबावड्याच्या रस्त्याला एका कातळावर आम्ही शिक्षकांचा सराव घेतो. तिथं एका पी.टी.च्या सरांना वर उभं केलं आणि खाली दोरावर दुसऱ्या सरांना निम्म्यात थांबवलं. खालून हाक दिली, "सर, पोरीचे केस अडकले!" सर तसे खमके, धडधाकट. पण त्यांचा हात पहिल्यांदा गेला तो खिशातल्या चाकूकडं. ही अगदी स्वाभाविक हालचाल आहे आणि म्हणूनच ती सरावातच पकडायला हवी. ताणलेल्या दोराला चाकूचं पातं नुसतं टेकलं तरी तो कापला जातो.

मग त्यांना मांडणी दाखवली. रॅपलिंगचा मुख्य दोर अँकरला, म्हणजे वर जिथं दोर अडकवतात त्या आधाराला, पक्क्या गाठीनं बांधून टाकायचाच नाही. इटालियन हिच, म्हणजे दोर हळूहळू सोडता येणारी गाठ, घालायची, ती ताण असतानाही सुटणाऱ्या म्यूल गाठीनं बंद करायची, टोकाला बॅकअप द्यायचा, आणि कड्याच्या उंचीइतका जादा दोर वर शिल्लक ठेवायचा. काही अडकलं की खालच्या बिलेवाल्यानं, म्हणजे उतरणाऱ्याचा दोर खाली धरून उभ्या माणसानं, दोर ताणून धरायचा, म्हणजे डिसेंडर जागच्या जागी थांबतो. वर म्यूल सोडायची आणि इटालियन हिचमधून अख्खा दोरच मुलीसकट हळूहळू खाली सोडायचा. डिसेंडरमधून दोर सरकतच नाही, त्यामुळे केस आणखी ओढले जात नाहीत. मुलगी जमिनीवर येते, मग कात्री घ्या, तेल लावा, काय हवं ते करा. आणि वरून दुसऱ्या दोराचा स्वतंत्र बिले, म्हणजे सुरक्षेचा आधार, असेल तर त्यावर तिचं वजन घेऊन आधी ताण कमी करता येतो. सरांनी ती गाठ दुपारपर्यंत मारली आणि सोडली, मारली आणि सोडली. शेवटी डोळ्यांना रुमाल बांधून सोडली, कारण घबराटीत डोळे तसेही कामाला येत नाहीत.

माझ्या मते प्रशिक्षकाची परीक्षा एवढीच असावी. तू किती झोकात उतरतोस ते नको दाखवू. निम्म्यात अडकलेलं पोर मला जमिनीवर आणून दाखव. आणि ही परीक्षा दरवर्षी व्हावी, कारण हाताला सवय नसेल तर ती गाठ वर्षभरात विसरते.

कमांडो स्टाईल उड्या मारत उतरायचं खूळ रील्समुळं वाढलंय. कॅडेटला त्या शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला मी कड्यावर उभं करणार नाही. प्रत्येक उडीच्या शेवटी अँकरवर झटका बसतो. वेगानं आलं की डिसेंडर तापतो, आणि नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं. खाली पोचल्यावर तापलेला डिसेंडर दोराला चिकटून तसाच राहिला तर दोराचं कव्हर चकाकतं, कडक होतं. दोर हातात घेऊन इंच न् इंच चाचपला तर ते बोटांना कळतं. प्रत्येक दोराची वही हवी, कधी घेतला, कधी वापरला, कुठं घासला. वही नसलेला दोर कितीही नवा दिसला तरी पोरांसाठी नाही.

आता जागेबद्दल. पन्हाळा सगळ्यांना हवा असतो. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, २०२५ मध्ये तो मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथं परवानगीशिवाय दोर लावणं, तटात बोल्ट ठोकणं हे मनातही आणू नये. दुसरं म्हणजे पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र, आत कुठं पोकळ आहे ते वरून कळत नाही. घट्ट बेसाल्टमध्ये जो बोल्ट धरतो तो जांभ्यात धरेलच असं नाही. कुठला दगड काय आहे हे प्रशिक्षकाला ओळखता आलं पाहिजे, आणि पावसाळ्यानंतर कड्याच्या माथ्यावर सुटे झालेले धोंडे आदल्या दिवशीच जाऊन बघायला हवेत. त्याच फेरीत कड्याच्या पोटात आग्या मोहोळ लटकलंय का हेही बघायचं. दिसलं तर जागा रद्द, चर्चा नाही. मधमाश्या उठल्या तर दोरावरच्या मुलाला पळताही येत नाही.

बिल्डिंग म्हणजे सुरक्षित असा एक समज आहे. मी एका गच्चीवर दोर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला बांधलेला बघितलाय, पाया गंजलेला, आणि कठड्याच्या सिमेंटच्या धारेवर दोराखाली काहीच नाही. तिथं त्या दिवशी कोणाला काही झालं नाही. आणि नेमकं त्यामुळंच पुढच्या वर्षीही तसंच बांधलं जाईल, ही माझी खरी काळजी आहे. अँकर किमान दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले, भार दोघांवर वाटलेला. त्यातही कोन बघायचा. दोन स्लिंगमधला, म्हणजे अँकरना जोडणाऱ्या पट्ट्यांमधला, कोन ६० अंश असेल तर प्रत्येक अँकरवर भाराच्या साधारण ५८ टक्के येतात, ९० ला ७१ टक्के, आणि १२० ला प्रत्येकावर पूर्ण भार. म्हणजे दोन अँकर लावूनही फायदा शून्य. हे मी शिक्षकांना सांगत नाही, दोघांना बादली धरायला लावते आणि हळूहळू एकमेकांपासून लांब सरकायला सांगते. कोन त्यांच्या खांद्याला कळतो.

घाईचं गणित तर शाळेतल्या मुलांनाही सुटेल. एका मुलाला हार्नेस घालणं, तपासणं, कडेवर आणणं, धीर देणं, उतरवणं, खाली सोडवणं. दहा मिनिटं धरा. एका दोरावर तासाला सहा. ऊन तापायच्या आधी आणि जेवणानंतर मिळून पाच तास काम झालं तर तीस. दोन दोर, दोन पूर्ण टीम, साठ. आणि फोनवर मला सांगतात, "दोनशे कॅडेट आहेत, एका दिवसात बसवा." दोनशे बसतात, पण मग हार्नेसची बकल हातानं ओढून बघायची राहते, कॅराबिनरचा, म्हणजे दोर-हार्नेस जोडणाऱ्या कडीचा, स्क्रू लावायचा राहतो. उघड्या गेटचा कॅराबिनर त्याच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हे गणित मुख्याध्यापकांसमोर शांतपणे मांडून "साठच" म्हणता येणं हेही प्रशिक्षणाचा भाग हवं. आपल्याकडं ते शिकवतच नाहीत. सर हेडसरांना नाही म्हणत नाहीत, हवालदार सुभेदार साहेबांना नाही म्हणत नाही, आणि कॅडेट तर कुणालाच नाही म्हणत नाही.

कॅडेटच्या त्या 'नाही'बद्दल मला कळकळीनं सांगायचंय. जुलै २०१८ मध्ये कोइमतूरजवळच्या एका कॉलेजात आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावात एकोणीस वर्षांची मुलगी दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर बसली होती. खाली मुलं जाळी धरून उभी. ती उडी मारायला तयार नव्हती. प्रशिक्षकानं तिला ढकललं. खालच्या सज्जावर डोकं आपटून ती गेली. प्रशिक्षकाला अटक झाली, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं त्या सरावाशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ मी प्रत्येक प्रशिक्षकाला बघायला लावत नाही, बघवत नाही. पण काय झालं ते प्रत्येकाला सांगते. त्या मुलीचं अंग नाही म्हणत होतं, आणि शिकवणाऱ्याला ते ऐकू येत नव्हतं.

एकता आणि अनुशासन हे एनसीसीचं ब्रीद. शिस्तीतलं पोर हुकूम मानतं, म्हणूनच त्याच्यावर हुकूम सोडणाऱ्याची जबाबदारी दुप्पट. कडेवर थांबलेल्या मुलाला "घाबरतोस काय, कॅडेट आहेस ना?" असं म्हणणारा प्रशिक्षक माझ्या टीममध्ये नको. बाजूला घ्या, पाणी द्या, पुन्हा विचारा. तरी नको म्हणाला तर हार्नेस काढा आणि त्याला खाली दोर धरायला, वेळ लिहायला बसवा. त्या दिवशीचं त्याचं काम तेवढंच.

पालकांनो, संमतीपत्रावर सही करायच्या आधी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. वर उभ्या माणसानं शिकवण्याचं प्रशिक्षण कुठं घेतलंय? अडकलेल्या मुलाला खाली कसं आणणार, ते करून दाखवाल का? आणि एका दिवसात किती मुलं उतरवणार? शाळेला राग येईल, येऊ दे. चांगले प्रशिक्षक या प्रश्नांवर चिडत नाहीत, उठून दोर आणतात.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काहीजण मिळून पी.टी.चे शिक्षक, एएनओ आणि माजी कॅडेट यांच्यासाठी चार दिवस सराव ठेवतोय. एकाही कॅडेटला उतरवणार नाही. अँकर, तपासणी, अडकलेल्याची सुटका आणि नाही म्हणायचा सराव, एवढंच. फी नाही, जेवण ज्याचं त्यानं आणायचं. यायचं असेल तर कमेंटमध्ये शाळेचं नाव टाका, मी जागा आणि वेळ कळवते. शाळेत जुना दोर, जुने हार्नेस पडून असतील तर तेही घेऊन या. कुठले ठेवायचे आणि कुठले कापून टाकायचे ते पहिल्याच सकाळी ठरवू.