लिटर? माती पिणार आहात?

"८०० लिटर माती द्या," एवढंच म्हटलं होतं हो मी. विक्रेत्याने कान पुढे केला. "लिटर? पिणार आहात का?" मागे एक रिकामी कुंडी कवटाळून उभे असलेले गृहस्थ खदाखदा हसले.

"किलोत सांगा."

"ओल्या की कोरड्या?"

"माती आहे साहेब, कपडे नव्हेत."

आता यात हसण्यासारखं काय आहे? माती भिजली की वजन वाढतं, जागा मात्र तेवढीच भरते. किलोवर घेतली तर पाण्याचे पैसे आपण भरायचे! वाफा भरतो तो घनफळाने.

गृहस्थ पुढे सरसावले. "दहा पोती घ्या. आमचा अंदाज कधी चुकत नाही."

"वाफा पाहिलाय तुम्ही?"

"पाहायला कशाला पाहिजे?"

इथे माझं डोकं फिरलं. वाफा बाहेरून ८ बाय ४ फूट, पण विटेची भिंत ४ इंची. ती दोन्हीकडून वजा केली की आत उरतं ७ फूट ४ इंच बाय ३ फूट ४ इंच. (हे ७.४ आणि ३.४ नव्हे, ४ इंच म्हणजे ०.३३ फूट.) म्हणजे ३२ नाही, साडेचोवीस चौरस फूटही नाही. भिंतीच पाव वाफा खातात. खोली १ फूट, म्हणून २४.४ घनफूट, एका घनफुटाचे २८.३ लिटर, झाले ६९० च्या आसपास. पहिल्या दोन-चार पाण्यांत माती दबते, म्हणून वर १५ टक्के. ८०० लिटर. ४० लिटरची २० पोती.

यांच्या दहा पोत्यांत भरली असती ७ इंच, दबून राहिली असती ६. गाजर अर्ध्यात पोहोचून काटकोनात वळलं असतं.

बरं, माती, खत, वाळू घरी मिसळायचं तर आणखी गोची. १० लिटर मातीत १० लिटर वाळू टाकून २० लिटर कधीच होत नाही. बारीक कण जाड कणांच्या फटींत जाऊन बसतात. आणि पोत्यावर लिटर छापायला कुणाचे हात दुखतात, देव जाणे. 'मोठे पोते' हे काय माप झालं?

शेवटी २० पोती चढवली. गृहस्थ हळूच जवळ आले.

"माझ्या या १२ इंची कुंडीला किती लागेल हो?"

"१५ लिटर."

"ते कळलं. पण किलोत किती?"