कोसीचं पाणी आणि सीमेपलीकडचा फोन

१८ ऑगस्ट २००८ ला नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यात कुसहा इथे, नेपाळातून बिहारमध्ये उतरणाऱ्या कोसी नदीचा पूर्वेकडचा बांध फुटला. त्या दिवशी नदीत पाणी होतं साधारण १.४४ लाख क्युसेक. भीमनगरचं बॅरेज, म्हणजे नदीवरचा दरवाज्यांचा बंधारा, आहे ९.५ लाख क्युसेकसाठी. म्हणजे महापुराने बांध फोडला असं म्हणायला जागाच नाही. क्षमतेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी पाण्यात तो गेला.

कारण हळूहळू साठत आलेलं होतं. कोसी हिमालयातून अफाट गाळ आणते. दोन बांधांच्या मधे कोंडल्यावर तो तिथेच बसतो, पात्र वर उचलतं आणि प्रवाह कुठल्यातरी एका बाजूला रेटतो. २००८ मध्ये तो पूर्वेला रेटला. प्रवाहाला बांधापासून दूर ढकलण्यासाठी दगडांचे जे दांडे काढलेले असतात, त्यांना तिथले इंजिनियर ‘स्पर’ म्हणतात. बॅरेजच्या वर सुमारे १२-१३ किलोमीटरवरचे स्पर ऑगस्टच्या सुरुवातीपासूनच खचत होते. एकदा स्पर गेला की पाणी थेट बांधाच्या पायथ्याला लागतं, खालची माती निघते आणि वरचा भाग आपल्याच वजनाने बसतो. अशा वेळी तासातासाला तारेच्या जाळीत बांधलेले दगड आणि वाळूची पोती टाकत राहणं एवढाच इलाज असतो.

आता गोम बघा. बांध नेपाळच्या जमिनीवर, १९५४ च्या कराराने देखभालीची जबाबदारी भारताची, प्रत्यक्ष काम बिहारच्या जलसंपदा खात्याचं. मजूर, दगड, ट्रक, सुरक्षा या प्रत्येक गोष्टीला सीमेपलीकडचा होकार लागतो. पाटणा, दिल्ली, काठमांडू आणि सुनसरीचं जिल्हा प्रशासन, एवढ्या ठिकाणी फाइल फिरायची आणि नदी मात्र त्याच वेळी माती खात बसलेली. बांध फुटल्यावर दोन्हीकडून एकमेकांवर आरोप झाले. नदी शंभरेक किलोमीटर पूर्वेला, आपल्या जुन्या पात्रात गेली. बिहारमधले सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया हे जिल्हे मिळून तीस लाखांवर लोक पाण्यात सापडले, नेपाळमध्ये सुमारे पन्नास हजार. यातली बहुतेक गावं बांधाच्या भरवशावर पन्नास वर्षं कोरडी होती. तिथे ना होड्या होत्या, ना उंच ओटे. भगदाड बुजायला जानेवारी २००९ उजाडला.

म्हणून आपत्ती व्यवस्थापनातल्या शेजारी देशांच्या सहकार्यावर परिषदा भरतात, तेव्हा माझा प्रश्न एकच असतो. रात्री दोन वाजता पलीकडच्या इंजिनियरला फोन कोण करणार, आणि दगडांचा ट्रक सीमेवर कोणाच्या सहीने सुटणार?

हे जमत नाही असं मुळीच नाही. समुद्रावर आपण ते करून दाखवलंय. १९७० च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात लाखो माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने या भागातल्या देशांचं चक्रीवादळांसाठी एक पॅनेल उभं राहिलं. आज त्यात १३ देश आहेत, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार आणि इराणसुद्धा. सगळ्यांसाठी चक्रीवादळाचं मार्गदर्शन दिल्लीच्या हवामान केंद्रातून निघतं. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’चं नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. राजकीय संबंध कितीही बिघडले तरी ही पत्रकं थांबत नाहीत, कारण ती देणं हे रोजचं काम ठरलेलं आहे.

नदीवर अशी शिस्त बसवणं जास्त अवघड, हे मान्य. वादळ सगळ्यांचंच असतं. नदीत मात्र एक वरचा असतो, एक खालचा. पण आकडा वेळेवर पोचवणं तरी जमलंच पाहिजे. कोसी डोंगरातून मैदानात उतरते ती चतराला, बॅरेजच्या वर सुमारे ४० किलोमीटर. तिथली पाणीपातळी नेपाळचं जल तथा मौसम विज्ञान विभाग इंटरनेटवर टाकतं, कोणीही बघू शकतं. पण पातळी म्हणजे विसर्ग नव्हे. इतक्या मीटरला इतके क्युसेक हे कोष्टक प्रत्यक्ष प्रवाह मोजून बनवावं लागतं, आणि कोसीसारख्या गाळाच्या नदीत एका मोठ्या पुरात पात्राचा तळच बदलतो. मग जुनं कोष्टक चुकीचं सांगू लागतं. प्रत्येक मोठ्या पुरानंतर दोन्ही देशांनी मिळून ते पुन्हा मोजायला हवं. काम कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो छापून येत नाहीत, म्हणून मागे पडतं.

दुसरी अडचण आकड्याच्या अर्थाची. सांगलीत आयर्विन पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कितव्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, हेही लोक सांगतात. कोसीकाठच्या माणसाला ‘६ लाख क्युसेक’ ऐकून काय कळणार? त्याला हवं ते असं: अमुक तासांनी तुमच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, कंबरेएवढं पाणी, जनावरं आत्ताच बांधावर न्या.

२९ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक सुटले, १९६८ नंतरचा सर्वांत मोठा विसर्ग. छप्पन्नही दरवाजे उघडले होते. बॅरेज टिकलं. पण दरभंगा जिल्ह्यात किरतपूरजवळ पश्चिमेकडचा बांध फुटलाच. बॅरेज टिकलं म्हणजे गाव वाचलं असं नसतं.

लहान प्रमाणावर चांगलं काम झालंय ते रातू नदीवर. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतीय भागांवर काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने वर नेपाळमध्ये पातळी मोजणारं यंत्र बसलं, ते सांभाळणारा गावचाच माणूस. पाणी ठरलेल्या खुणेला लागलं की तो खाली बिहारमधल्या भिट्ठामोडला फोन करतो. मंत्रालय मधे येतच नाही. अशी जोडी प्रत्येक लहान सीमापार नदीवर हवी. हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, तराईत, त्या डझनांनी आहेत.

मोठ्या कोसीसाठी दरवर्षी मेअखेर चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. दोन्हीकडच्या इंजिनियरांनी मिळून बांध पायी चालून पाहावा, कारण उंदीर-कोल्ह्यांची बिळं आणि पायथ्याशी झिरपणारं पाणी गाडीतून दिसत नाही. दगड, जाळ्या, पोती नेपाळच्या बाजूला आधीच साठवावी. पूरकाळात काम करणाऱ्या मजुरांची, गाड्यांची यादी आगाऊ मंजूर असावी, ऐन वेळी परवानगी मागायची नाही. आणि एकदा तरी रात्री रंगीत तालीम व्हावी: चतराहून खोटा आकडा सोडायचा, शेवटच्या गावात तो किती मिनिटांत पोचला ते घड्याळ लावून मोजायचं.

तिबेटचाही यात भाग आहे. ८ जुलै २०२५ ला तिबेटच्या बाजूने आलेल्या पुराने नेपाळ-चीन सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला, आणि खाली तशी पूर्वसूचना पोचली नव्हती. कोसीला मिळणारी अरुण नदीसुद्धा तिबेटातूनच येते.

इशारा कोणत्या भाषेत द्यायचा, याचं उत्तर तर सोपं आहे. नेपाळच्या सुनसरी, सप्तरीत मैथिली बोलतात, बिहारच्या सुपौल, दरभंग्यातही मैथिलीच. पलीकडून निघालेला निरोप नेपाळीतून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत करत बसण्यापेक्षा दोन्हीकडच्या भोंग्यांवर तो थेट मैथिलीत वाजू द्या.