हा कुणाचा देव?

आज दुपारी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या संग्रहालयात पॉलिनेशियातील, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरील, पारंपरिक टिकी शिल्पांचे (माणसाच्या रूपातल्या कोरीव मूर्तींचे) आणि त्यांच्यावरून सुचलेल्या आधुनिक टिकी कलेचे प्रदर्शन पाहिले. संध्याकाळ झाली तरी राग शमलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

एका काचेच्या पेटीत पॉलिनेशियातल्याच मार्केसस बेटांवरील ‘उउ’, म्हणजे योद्ध्याची गदा, उभी होती. तिचे लाकूड ‘तोआ’चे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर वाढतो त्याच सुरूचे, ते अळूच्या खाचरातील चिखलात मुरवून काळे करत आणि खोबरेल तेलाने घासून चकचकीत करत. जवळ जाऊन पाहिले तेव्हा लक्षात आले की गदेच्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी चेहरा आहे आणि त्या चेहऱ्याच्या डोळ्यांत बुबुळांच्या जागी पुन्हा एकेक चिमुकला चेहरा कोरलेला आहे. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. समोरच्या भिंतीवर मात्र टिकीच्या आकाराचे, दारू पिण्याचे चिनीमातीचे मग छतापर्यंत रचलेले होते आणि दोन्हींसाठी पाटी एकच होती, जणू त्या मगांचे पूर्वज शोधतच आपण त्या गदेपर्यंत पोहोचायचे होते.

त्या मगांमध्ये मला माझ्या घरातला मग दिसला. सहा वर्षांपूर्वी आई गुहागरहून आली होती तेव्हा अंगणात पाहुणे जमले होते आणि मी तिला तशाच एका मगमधून पन्हे दिले होते. वाटोळे मोठे डोळे, रुंद तोंड, पोटावर ठेवलेले दोन हात. तिने तो हातात फिरवून पाहिला आणि विचारले, “अगं, हा कुणाचा देव?” मी म्हणाले, “देव नाही गं आई, नुसतं डिझाईन आहे.” तिने काही न बोलता पन्हे स्टीलच्या पेल्यात ओतले, तो मग धुऊन पुसला आणि खिडकीत उभा करून ठेवला.

ते नुसते डिझाईन नव्हते. मार्केससमध्ये टिकी म्हणजे देवत्व पावलेला पूर्वज. पोटावर हात ठेवलेली ती मूर्ती त्याचीच. 1842 मध्ये फ्रान्सने ती बेटे ताब्यात घेतली, बाहेरून आलेल्या रोगांनी गावेच्या गावे ओस पडली आणि 1920 च्या दशकात तिथे जेमतेम 2,000 माणसे उरली होती. नेमक्या त्याच्या पुढच्या दशकात इकडे कॅलिफोर्नियात टिकी बार, म्हणजे अशा मूर्तींनी सजवलेली दारूची दुकाने, निघू लागले. ज्यांचे पूर्वज होते ते जेमतेम उरले होते आणि पुढे त्या पूर्वजांच्या डोक्याच्या मगांत रम ओतली जाऊ लागली. हे त्या पाटीवर एका ओळीतही नसावे?

कुणीतरी खाली प्रतिक्रियेत लिहीलच की त्या देवांपुढे नरबळीही दिले जात. दिले जात, मान्य आहे. आधुनिक विभागातील काही लाकूडकाम मन लावून केलेले आहे आणि ते करणाऱ्यांना या परंपरेविषयी खरे प्रेम आहे, हेही मान्य करते. पण प्रेम असेल तर निदान बेटाचे नाव लिहावे. माओरी लोकांचा गळ्यात घालायचा हिरव्या दगडाचा ‘हेइ टिकी’, हवाईचा ‘किई’, ताहितीचा ‘तिई’, हे सगळे ‘पॉलिनेशियन शैली’ या दोन शब्दांत कोंबणे म्हणजे विठोबा, खंडोबा आणि मंगेश यांना ‘भारतीय शैली’ म्हणून एका फळीवर मांडणे आहे. चपलेवर गणपती छापला गेला की आपण एका रात्रीत निषेधाची पत्रे फिरवतो, सह्या गोळा करतो. त्याच आपल्या माणसांच्या उन्हाळी पार्ट्यांमध्ये हे मग आणि या मुखवट्यांच्या मशाली असतात. माझ्याही अंगणात होत्या.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण खरा प्रश्न आईने तेव्हाच विचारला होता आणि तिला उत्तर देण्याची तसदी मी घेतली नव्हती. तिला मार्केसस बेटे कुठे आहेत हे ठाऊक नव्हते. तिने फक्त एवढे पाहिले की याला डोळे आहेत, पोटावर हात आहेत आणि कुणीतरी याच्यापुढे कधीतरी हात जोडले असतील.

संग्रहालयाला पत्र लिहिले आहे. प्रत्येक मगखाली त्यावरचा चेहरा कोणत्या बेटावरचा, कोणत्या मूर्तीवरून घेतला, हे लिहावे आणि गदेची पेटी त्या भिंतीसमोरून हलवावी, एवढेच मागितले आहे. उद्या सकाळी आईला फोन करून तो कुणाचा देव ते सांगणार आहे. तो मग अजून खिडकीतच आहे.