हिरडीचं ऑपरेशन म्हणजे लूट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय झालं की सगळ्यांच्याच हिरड्या मागे सरकतात, मीठ-हळद चोळली की त्या जागेवर येतात, आणि माझ्यासारखे डॉक्टर उगाच टाळूची कातडी काढून दाताच्या उघड्या पडलेल्या मुळाला चिकटवतात.

आधी मीठ-हळदीचं बघू. सुजलेली हिरडी स्वच्छतेने आवळते, हे खरं. पण मूळ एकदा उघडं पडलं की कशानेही चोळा, हिरडी त्यावर परत चढत नाही. उलट जाडं मीठ रोज घासलंत तर उरलेलीही झिजेल. आपल्याकडच्या बायकांची मिश्री त्याहून वाईट. तंबाखू जिथे दाबून ठेवतात, नेमकी तिथलीच हिरडी खाली गेलेली दिसते.

वयाचा मुद्दा मात्र मला अर्धा मान्य आहे. एखादा मिलिमीटर मूळ दिसतंय, वर्षानुवर्षं तेवढंच आहे, गार पाण्याने कळ येत नाही, तर ऑपरेशन कशाला? मऊ ब्रश घ्या, आडवं खसाखसा घासणं थांबवा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी हेच सांगून परत पाठवतो.

आता टाळूची कातडी. आपण काढतो ती वरची कातडी नव्हे, तिच्या खालचा चिवट थर, साधारण दीड मिलिमीटर जाडीचा. तो उघड्या मुळावर ठेवायचा, हिरडी सैल करून त्यावर ओढायची आणि टाके घालायचे. ही पद्धत 1985 पासून रूढ आहे. खरी मेख रक्तपुरवठ्यात आहे. दाताच्या मुळातून रक्त मिळत नाही. लावलेला तुकडा जगतो तो आजूबाजूच्या आणि वरच्या हिरडीतून येणाऱ्या रक्तावर. म्हणून मूळ किती दिसतंय यापेक्षा दोन दातांमधलं हाड आणि हिरडी शाबूत आहे का, हे आधी पाहायचं. इटलीचे हिरड्यांचे डॉक्टर फ्रान्चेस्को कायरो यांनी 2011 मध्ये केलेलं, मागे सरकलेल्या हिरड्यांचं वर्गीकरण याच प्रश्नावर उभं आहे. शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. पायोरियाने तिथलं हाड खाल्लं असेल तर पूर्ण झाकून देण्याचं वचन कुणी दिलं तरी विश्वास ठेवू नका. लूट म्हणायचीच तर ती इथे होते.

बिनटाक्यांच्या ‘पिनहोल’बद्दल तुम्ही विचारलंत. त्यात बारीक छिद्रातून हिरडी सैल करून सरकवतात, टाळू वाचतो. आणि टाळूच जास्त ठणकतो, आठवडाभर तरी, त्यामुळे पेशंटला ती कल्पना आवडणारच. पातळ हिरडी असेल तर मला अजूनही टाळूचा तुकडाच भरवशाचा वाटतो, कारण त्याने हिरडी जाडही होते.

तुमच्या पत्नीच्या खालच्या पुढच्या दाताबद्दल फोटोवरून सांगता येणार नाही. एक्स-रे काढा, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढत असेल तर हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मिश्री चालू असेल तर आधी ती सोडायला सांगा. त्याशिवाय मी तरी टाके घालत नाही.