चिनी छप्पर बघून घरमालकाची पत कळते? नाही कळत

एक दावा सध्या जिकडेतिकडे फिरतोय: जुन्या चीनमध्ये छपराचे कोपरे जेवढे वर वळलेले तेवढा मालक मोठा, कोपऱ्यावरचे प्राणी मोजले की त्याचा हुद्दा कळतो, आणि पिवळी कौलं म्हणजे फक्त सम्राट. छपरांना दर्जा होता हे खरंय, पण तो इमारतीला होता, आणि तेवढंच नेमकं या दाव्यात गायब आहे.

आधी कोपरे. कोपऱ्यातली तिरकी तुळई बाजूच्या वाशांपेक्षा बरीच जाड असते, तिच्या माथ्याला वासे भिडवायचे तर त्यांच्याखाली पाचरीसारखं लाकूड घालून हळूहळू उंची वाढवत न्यावी लागते, मग वळचणीचा कोपरा उचलला जातोच. दक्षिणेत सूचौकडे बागेतल्या साध्या मंडपाचेही कोपरे पार आभाळाकडे गेलेले असतात आणि बीजिंगच्या राजवाड्यात मात्र बेतानेच उचललेले, मग मोठा कोण?

दर्जा ठरायचा छपराच्या प्रकारावरून. सगळ्यात वर दुहेरी वळचणीचं चौपाखी, साधं दुपाखी खाली. आणि हे नियमसुद्धा कायम एकसारखे नव्हते. मिंग घराण्याच्या काळात १३९३ मध्ये सामान्य माणसाच्या घराला तीन खणांची मर्यादा घातली, पण त्याच्या कितीतरी आधी, ८५७ साली, फोग्वांग या बौद्ध देवळाच्या मुख्य दालनावर चौपाखी छप्पर चढलंय आणि ते आजही उभं आहे.

आता प्राणी, कारण सगळ्यात जास्त शेअर होतं ते हेच. उतारावरची कौलं घसरू नयेत म्हणून ठोकलेल्या खिळ्यांची तोंडं झाकायला प्राण्यांच्या या छोट्या मूर्ती आल्या, पुढे त्यांच्या संख्येला मान आला. फॉरबिडन सिटीत, म्हणजे बीजिंगच्या त्याच राजवाड्यात, ताईहे दालनावर १० प्राणी, चिएनचिंग महालावर ९, कुननिंगवर ७, आणि मालक तर सगळ्यांचा एकच, सम्राट! ताईहे दालनात कुणी राहायचं नाही, ते राज्यारोहणासारख्या मोठ्या सोहळ्यांचं. योंगचंग या सम्राटापासून पुढचे सम्राट राहायचे राजवाड्यातल्याच यांगशिन महालात, तिथे दुहेरी वळचण नाही की चौपाखीही नाही, खालच्या प्रकारचं छप्पर. म्हणजे जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसांपैकी एक रोज कमी दर्जाच्या छपराखाली झोपत होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

पिवळ्या कौलांचंही तसंच. छूफूच्या कन्फ्यूशियस मंदिराच्या मुख्य दालनावर पिवळीच कौलं आहेत, आणि राजवाड्यातल्या ग्रंथालयावर काळी, कारण काळा रंग पाण्याचा मानायचे आणि पुस्तकांना भीती आगीची. छंगदच्या उन्हाळी राजवाड्यात तर सम्राटाच्या मुख्य दालनावरच राखाडी कौलं घातलीत, लाकूडही न रंगवता ठेवलंय.