‘एटीसीमुळे उशीर’ हे तपासायचं कुठे?

‘एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) क्लिअरन्स मिळालेला नाही’ अशी घोषणा मुंबईच्या गेटवर झाली की पुढचा वाद ठरलेला असतो. निम्मे म्हणतात, कंपनी आपला घोळ एटीसीच्या नावावर खपवतेय. उरलेले म्हणतात, धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी वापरात एकच. त्यावर एवढी विमानं कोंबल्यावर आणखी काय होणार? आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय, बघू काय फरक पडतो ते. अमेरिकेतून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. कोण खरं हे सांगणारी माहिती सरकारी यंत्रणेकडे मिनिटामिनिटाची असते, फक्त प्रवाशाला ती बघायची सोय नाही.

प्रश्न पैशांचाही आहे. डीजीसीएच्या, म्हणजे भारतातल्या नागरी विमानवाहतूक नियामकाच्या, नियमांनुसार आगाऊ कल्पना न देता उड्डाण रद्द केलं, तर प्रवासाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्याच नियमात पळवाटही आहे: रद्द होण्याचं किंवा उशिराचं कारण स्पष्टपणे एटीसी, हवामान किंवा सुरक्षेचा धोका असेल, तर भरपाई द्यावी लागत नाही. आता सूट मागणारी कंपनी आणि कारण सांगणारीही तीच. प्रवाशाने ते पडताळायचं कशावरून?

अमेरिकेत त्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. एफएए या तिथल्या सरकारी विमानवाहतूक यंत्रणेचं ‘नॅशनल एअरस्पेस सिस्टिम स्टेटस’ हे पान कुणालाही उघडता येतं, लॉगिन लागत नाही. व्हर्जिनियातल्या वॉरेंटनजवळच्या कमांड सेंटरने देशभरात जे निर्बंध लावलेत, ते तिथे विमानतळवार आणि कारणासह दिसतात. मात्र ते वाचता यायला हवं, आणि बहुतेकांची चूक पहिल्याच पायरीवर होते: ते आपण बसलोय तो विमानतळ शोधतात. ‘ग्राउंड डिले’ आणि ‘ग्राउंड स्टॉप’ जिथे उतरायचं त्या विमानतळाच्या नावाखाली असतात. शार्लटहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला निघालेल्याने नेवार्क बघायला हवं. तो शार्लट बघतो, तिथे काहीच नसतं, आणि कंपनी खोटं बोलतेय असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

ग्राउंड स्टॉप म्हणजे तूर्तास त्या विमानतळाकडे कुणीच निघायचं नाही. त्यापुढे दिलेली संपण्याची वेळ अंतिम समजू नये. सविस्तर सूचना उघडली की मुदत वाढण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त तेही लिहिलेलं असतं. मध्यम दिसलं तर गेट सोडून लांब जाऊ नये, पण पुढच्या कनेक्शनची पर्यायी सोय बघायला लागावं. ग्राउंड डिलेमध्ये उतरणाऱ्या विमानांचा ताशी आकडा कमी केलेला असतो आणि प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. तिथे समजा ६५ मिनिटं दिसली, तर ती सरासरी. तुमच्या वाट्याला दहा येतील किंवा दीडशे.

‘डिपार्चर डिले’ ही तिसरी नोंद. ती मात्र निघण्याच्या विमानतळाखाली दिसते, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत, वाढतोय की घटतोय या शेऱ्यासह. कारणाच्या रकान्यात पुष्कळदा ‘एमआयटी’ असतं, म्हणजे माइल्स-इन-ट्रेल: एका दिशेने जाणाऱ्या विमानांमध्ये ठरावीक मैलांचं अंतर. त्यापुढे ‘डब्ल्यूएक्स’ असेल तर हवामान, ‘व्हीओएल’ असेल तर गर्दी. हिशोब करून बघा. जेट विमान मिनिटाला साधारण आठ सागरी मैल कापतं. रडारवर एरवी पाच मैलांचं अंतर पुरतं. वादळामुळे ते वीस केलं, तर दोन विमानांमध्ये अडीच मिनिटं जातात. त्या वाटेने जाणारी पंधरा विमानं तुमच्या पुढे असतील, तर साडेसदतीस मिनिटं तिथेच गेली, आणि खिडकीबाहेर आभाळ निरभ्र असू शकतं. ‘इथे तर लख्ख ऊन आहे’ हा गेटवरचा आवडता युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

स्वतःच्या फ्लाइटचं नेमकं काय, हे ईडीसीटीच्या पानावर कळतं. ईडीसीटी म्हणजे एटीसीने दिलेली अपेक्षित उड्डाणवेळ. तिथे तिकिटावरचा कंपनीचा दोन अक्षरी संकेत चालत नाही, एटीसीकडच्या उड्डाणयोजनेतला तीन अक्षरी संकेत लागतो: युनायटेडसाठी यूएएल, डेल्टासाठी डीएएल. छोट्या गावाची फ्लाइट असेल तर ‘ऑपरेटेड बाय’ बघा. युनायटेडच्या नावाने विकलेली फ्लाइट रिपब्लिक ही दुसरी कंपनी चालवत असेल, तर आरपीए टाकावं लागतं, नाहीतर पान रिकामं येतं. मिळालेली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. न्यू जर्सीत उन्हाळ्यात चार तास वजा करायचे, हिवाळ्यात पाच. शिवाय ती चाकं जमीन सोडण्याची वेळ, गेट सोडण्याची नव्हे. २२१५ दिसलं म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळी सव्वासहा. गेटपासून धावपट्टीपर्यंत जायला पंचवीस मिनिटं धरली तर विमान ५:५० ला गेटवरून मागे ढकललं गेलं पाहिजे. दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे एवढीच मुभा असल्यामुळे उशिरा आलेल्या एका प्रवाशासाठी दार उघडत नाहीत.

याच्या पोटात एक गंमत आहे. ग्राउंड डिलेमधले नंबर कंपनीला आपल्याच विमानांमध्ये अदलाबदल करता येतात. समजा एकाच कंपनीची दोन विमानं नेवार्कला निघालीत. पहिल्यात पुढे लंडनला जाणारे तीस जण आहेत, दुसऱ्यात तसं कुणी नाही. कंपनी दुसऱ्याचा आधीचा नंबर पहिल्याला देते. दुसऱ्या विमानातल्यांना ‘एटीसी’ हेच कारण सांगितलं जातं, आणि ते खोटं नसतं. पण उशीर कुणाच्या वाट्याला द्यायचा हे कंपनीने ठरवलेलं असतं.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी एक जोड. अशा निर्बंधांतून दूरच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइट्स बहुधा वगळलेल्या असतात. त्यामुळे आईबाबांचं मोठं विमान वेळेवर उतरतं आणि तासाभराची पुढची फ्लाइट तीन तास रखडते. इमिग्रेशनच्या रांगेत असतानाच पुढच्या शहराची नोंद बघून ठेवलेली बरी.

म्हणून अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं नाही. २८ एप्रिल २०२५ ला नेवार्कची वाहतूक सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या केंद्रात रडार आणि रेडिओ सुमारे ९० सेकंद बंद पडले, आणि त्यानंतर कित्येक दिवस उड्डाणं कोलमडत राहिली. त्याच वर्षी निधीअभावी सरकारी कामकाज बंद पडलं (शटडाउन), तेव्हा एफएएच्या सूचनांमध्ये कारण म्हणून ‘स्टाफिंग’ वारंवार झळकलं. सरकारला ते सोयीचं नव्हतं, तरी लिहिलं गेलं. भरपाईचं म्हणाल तर इथे उशिराबद्दल रोख भरपाईचा केंद्रीय कायदा नाही. तसा प्रस्ताव २०२५ मध्ये मागे घेतला गेला. देशांतर्गत तीन तास किंवा आंतरराष्ट्रीय सहा तास वा त्याहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही प्रवासच नाकारला, तर तिकिटाचे पैसे परत, एवढंच. म्हणजे जिथे कारण तपासता येतं तिथे त्याला किंमत नाही, आणि भारतात कारणावर भरपाई अडते पण ते तपासता येत नाही.

भारतात यंत्रणा नाही असं मुळीच नाही. दिल्लीत विमानतळ प्राधिकरणाचं वाहतूक-प्रवाह नियंत्रणाचं केंद्र आहे, आणि तिथून उड्डाणांना सीटीओटी, म्हणजे ठरवून दिलेली उड्डाणवेळ, मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईची गर्दीच्या वेळची ताशी उड्डाणं ४६ वरून ४४ केली, तेव्हा सरकारनेच खुलासा दिला की विमानं ४० ते ६० मिनिटं आकाशात घिरट्या घालत होती. एवढी मोजदाद आहे, तर रोजची दाखवायला काय हरकत आहे?

न दाखवल्याने काय होतं, हे २०२५ च्या अखेरीला दिसलं. ७ नोव्हेंबरला दिल्लीत उड्डाणयोजना पोहोचवणाऱ्या संदेशप्रणालीतल्या बिघाडामुळे आठशेच्या वर उड्डाणं रखडली. तो खरोखर एटीसीचा उशीर होता. महिनाभराने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ती वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी नियोजन कमी पडल्यामुळे. तरी कंपनीच्या पहिल्या निवेदनातल्या कारणांच्या यादीत हवाई वाहतुकीतली गर्दीही होती. गेटवर बसलेल्याला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं असणार.

सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं. लोहगाव हवाई दलाचं आणि दाबोळी नौदलाचं, तिथे हात राखून ठेवणं समजू शकतं. पण मुंबई आणि गोव्याचं मोपा नागरी आहेत, नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि हवामानाचे अहवाल आधीच खुले आहेत, आणि विमान कुठे आहे हे कुठल्याही ट्रॅकर अ‍ॅपवर दिसतं. ताशी किती उतरतायत आणि का, एवढ्याच ओळीने कसली सुरक्षा धोक्यात येणार?

तोवर आहे त्यात भागवायचं. आधी ट्रॅकरवर आपलं विमान कुठून येतंय ते बघा. ते अजून इंदूरलाच उभं असेल तर एटीसीचं कारण निदान अपुरं आहे. मग मुंबई विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा अहवाल बघा, संकेत व्हीएबीबी. आणि भरपाईचा वाद घालायचाच असेल तर विमानतळ प्राधिकरणाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘उशीर का झाला’ असं विचारू नका, त्याला गुळमुळीत उत्तर येतं. अमुक तारखेला, अमुक ते अमुक वेळेत व्हीएबीबीसाठी प्रवाह-नियंत्रणाचा निर्बंध लागू होता का, कधीपासून कधीपर्यंत, नोंदलेलं कारण काय, आणि या क्रमांकाच्या उड्डाणाला कोणती सीटीओटी दिली, असं विचारा. वेळ भारतीय आणि यूटीसी दोन्हीत लिहा. पहाटे साडेपाचच्या आधीचं उड्डाण यूटीसीत आदल्या तारखेला पडतं. तारीख चुकली तर ‘अशी नोंद आढळत नाही’ एवढं उत्तर देऊन अर्ज निकाली निघतो.